तुमचं ॲव्हरेज आणि कायद्यातलं ॲव्हरेज

प्रश्न सांगलीच्या एका गृहस्थांचा आहे, थोडक्यात असा: गेल्या वर्षी १ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनची छोटी एसयूव्ही घेतली. माहितीपत्रकात लिटरला २० किलोमीटर छापलंय, हातात १४ पडतात. शोरूममध्ये विचारलं तर उत्तर मिळालं, "ते ॲव्हरेज एआरएआयचं आहे साहेब, आमचं नाही." (एआरएआय म्हणजे गाड्या तपासणारी पुण्यातली संस्था.) मग एवढे बीएस-६ (धुराचा नियम), कॅफे (इंधनाचा नियम) वगैरे कडक नियम सरकार करतं त्याचा मला उपयोग काय? यात फसवणूक आहे का, आणि तक्रार कुणाकडे करायची?

मी पंचवीसेक वर्षं पुण्यात गाड्यांच्या चाचण्यांमध्ये काढली, त्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला जातो. गंमत अशी की आपण मराठीत मायलेजला 'ॲव्हरेज' म्हणतो आणि कायद्यातही नेमका ॲव्हरेज हाच शब्द आहे. फक्त ते ॲव्हरेज तुमच्या गाडीचं नाही, कंपनीचं आहे. तुमच्या गाडीने लिटरला अमुक किलोमीटर दिलेच पाहिजेत असा नियम भारतात नाही. सगळा घोळ इथून सुरू होतो.

आधी २० हा आकडा येतो कुठून ते बघू.

पुण्यात वेताळ टेकडीला बरेच जण 'एआरएआय टेकडी'च म्हणतात. लोक पहाटे तिथे फिरायला जातात, पण त्या टेकडीवरच्या संस्थेत चालतं काय हे फिरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. १९६६ साली सुरू झालेली ही संस्था गाड्या तपासून प्रमाणपत्र देते. असं प्रमाणपत्र देणारी ती एकटी नाही. मानेसरला आयकॅट आहे, आपल्या अहिल्यानगरला व्हीआरडीई आहे. पण लोकांच्या तोंडी एआरएआयच बसलं आहे, त्यामुळे कुठेही तपासलेला आकडा 'एआरएआय मायलेज' म्हणूनच ओळखला जातो.

चाचणी होते बंद खोलीत. गाडी आदल्या दिवशीच आणून २० ते ३० अंश तापमानात रात्रभर उभी करतात, म्हणजे इंजिन, ऑइल, टायर सगळं त्या तापमानाला येतं. सकाळी ती ढकलत नेऊन रोलरवर चढवतात, पट्ट्यांनी बांधतात, समोर मोठा पंखा लावतात. चालक आत बसतो, पण त्याच्यासमोर रस्ता नसतो, पडदा असतो. पडद्यावर वेगाची एक रेघ सरकत असते आणि गाडीचा वेग त्या रेघेवर ठेवायचा, ताशी दोनेक किलोमीटर इकडे-तिकडे झाले तर चालतात, जास्त नाही. एसी बंद, दिवे बंद. रस्त्याचा आणि वाऱ्याचा विरोध रोलरच देतो. त्याचे आकडे आधी मोकळ्या ट्रॅकवर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून, ती किती वेळात कशी मंदावते यावरून काढलेले असतात. वजन धरतात दोनेक माणसांइतकं.

ती रेघ एकदा बघण्यासारखी आहे. शहराचा एक तुकडा १९५ सेकंदांचा: थोडं थांबा, १५ च्या वेगाला जा, थांबा, ३२ ला जा, थांबा, ५० ला जा, ३५ वर या, थांबा. हे चार वेळा. मग ४०० सेकंदांचा हायवेचा तुकडा. मूळ युरोपियन चाचणीत त्याची कमाल गती १२० होती, आपण ९० वर आणली. सगळं मिळून वीस मिनिटांच्या आत अकराएक किलोमीटर होतात. यात शून्यावरून ५० ला पोहोचायला दिलेला वेळ आहे २६ सेकंद. तुमच्या सांगलीत विश्रामबागच्या सिग्नलला गाडी अशी उचलून बघा, मागचे रिक्षावाले काय बोलतील ते इथे लिहिता येणार नाही.

आणि एवढं होऊनही टाकीतलं पेट्रोल कुणी मोजत नाही! सायलेन्सरमधून येणारा सगळा धूर ठरावीक हवेत मिसळून त्याचा नमुना पिशव्यांमध्ये भरतात आणि त्यात कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन किती ते मोजतात. जेवढा कार्बन बाहेर आला तेवढाच पेट्रोलमधून आत गेला असणार, या हिशेबाने मायलेज निघतं. पद्धत अगदी चोख आहे. चाचणी खोटी आहे असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. पण ती मोजते तो रस्ता सांगलीत नाही, पुण्यात नाही, कुठेच नाही.

आता तुमचं १ लिटर टर्बो. खरी मेख इथे आहे. एवढ्या हळुवार चाचणीत टर्बोला फारसं कामच पडत नाही. इंजिन लहान असल्याने ते लहान इंजिनाइतकंच पेट्रोल पितं आणि कागदावर २० येतात. तुम्ही चार माणसं, मागे सामान आणि एसी घेऊन कोल्हापूरला निघालात, ओव्हरटेकसाठी पाय दाबलात, की टर्बो हवा कोंबतो, तेवढ्याच प्रमाणात पेट्रोलही जातं, वर इंजिन गरम होऊ नये म्हणून कधी कधी थोडं जास्तच जातं. ताकद मोठ्या इंजिनाची, मग खाणंही मोठ्या इंजिनाचं. जुन्या साध्या १.२ लिटर इंजिनात कागद आणि रस्ता यांच्यातलं अंतर कमी असायचं. लहान टर्बोत ते वाढतं, हे मी रोलरवरही पाहिलंय आणि माझ्या स्वतःच्या गाडीतही.

हे दुखणं फक्त आपलं नाही. युरोपात आयसीसीटी या संस्थेने वर्षानुवर्षं हे अंतर मोजलं. २००१ मध्ये ते साधारण ९ टक्के होतं, २०१५ पर्यंत ४० टक्क्यांच्या वर गेलं. नियम कडक होत गेले तसे चाचणीपुरते हुशार झालेले इंजिनवाले वाढले, असं मी म्हणतो. संस्थेने ते जास्त सभ्य शब्दांत म्हटलंय. शेवटी युरोपने २०१७ पासून ती जुनी चाचणी सोडून डब्ल्यूएलटीपी नावाची जास्त वेगाची, जास्त लांबीची चाचणी आणली. आपल्याकडेही २०२७ पासून तिच्याकडे जाण्याचा प्रस्ताव आहे. ती आली की माहितीपत्रकातले आकडे उतरतील. गाडी तीच असेल.

तर २० हा आकडा दोन गाड्यांची तुलना करायला ठीक, आणि तीही एकाच जातीच्या. टर्बोची टर्बोशी, साध्याची साध्याशी.

आता नियमांकडे. सरकारचे नियम दोन वेगळ्या खात्यांतून आलेले आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध लोकांना वाटतो तेवढा नाही.

पहिला नियम धुराचा: भारत स्टेज, म्हणजे आपलं बीएस. तो रस्ते वाहतूक मंत्रालयाचा. दर किलोमीटरला अमुक ग्रॅमपेक्षा जास्त विष बाहेर पडता कामा नये, प्रत्येक मॉडेलने पास व्हायचं, नापास झालं तर विकायचं नाही. डिझेल कारला बीएस-४ मध्ये नायट्रोजनचे ऑक्साइड किलोमीटरला ०.२५ ग्रॅमपर्यंत चालत, बीएस-६ मध्ये ०.०८. काजळी ०.०२५ वरून ०.००४५ वर आली. हे आकडे कागदावर नुसते दशांश वाटतात, म्हणून एक डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. काजळी मोजायला धूर एका छोट्या गोल फिल्टरमधून जाऊ देतात, चहाच्या कपाच्या बुडाएवढा असेल. चाचणीआधी आणि नंतर तो अतिसूक्ष्म तराजूवर तोलायचा. बीएस-३ च्या दिवसांत डिझेलचा फिल्टर बाहेर काढला की काजळाच्या डबीत बुडवल्यासारखा असायचा. बीएस-६ चा पहिला फिल्टर हातात आला तेव्हा आमच्या प्रयोगशाळेतल्या पोराला वाटलं, नळी जोडायचीच राहिली. पांढराफटक. त्याने चाचणी पुन्हा लावली, पुन्हा पांढराच.

या नियमाचा इतिहास इंधनाशी बांधलेला आहे. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या समितीने २००२ मध्ये जो आराखडा दिला त्यात गाडी आणि इंधन एकत्र धरलं होतं, आणि ते बरोबरच होतं. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला गंधक सोसत नाही. बीएस-३ डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चालायचं, बीएस-४ मध्ये ५०, बीएस-६ मध्ये १०. चांगलं इंधन सगळीकडे एकदम पोचत नव्हतं म्हणून २०१० मध्ये बीएस-४ आधी निवडक शहरांत आलं. मुंबई, पुणे आणि, हो, सोलापूर त्यात होतं. बाकी महाराष्ट्र बीएस-३ वर. मग लोकांनी काय केलं? शहराबाहेरचा पत्ता दाखवून स्वस्त बीएस-३ गाडी पासिंग करून आणली आणि शहरातच फिरवली. देशभर बीएस-४ व्हायला २०१७ उजाडलं. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्चला सांगितलं की १ एप्रिलपासून बीएस-३ ची एकही नवी गाडी विकायची नाही, आणि देशभरात सव्वाआठ लाखांच्या आसपास गाड्या पडून होत्या. त्या दोन दिवसांत दुचाकींच्या शोरूमबाहेर लागलेल्या रांगा तुम्हालाही आठवत असतील. पुढे बीएस-५ गाळून १ एप्रिल २०२० ला थेट बीएस-६. युरोपने जे टप्प्याटप्प्याने केलं ते आपण एका उडीत केलं आणि, माझ्या धंद्यातल्या पुष्कळांचा अंदाज चुकवून, ते जमलंही.

त्या उडीत छोटं डिझेल मेलं. डिझेलला काजळीचा फिल्टर हवा, नायट्रोजनच्या ऑक्साइडसाठी वेगळी यंत्रणा हवी, आणि या दोघांचा खर्च गाडी लहान म्हणून कमी होत नाही. पाच-सहा लाखांच्या गाडीत तो बसेना. मारुतीने २०२० मध्ये डिझेल सोडलंच. मोठ्या एसयूव्हीत डिझेल टिकलं, पण तिथे दुसरं दुखणं. माझ्या मेहुण्यांची डिझेल एसयूव्ही कोल्हापुरात घर ते दुकान, तीन किलोमीटर जाणार, तीन येणार. सहा महिन्यांत फिल्टरचा दिवा लागला. फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, ती तीन किलोमीटरमध्ये कुठून येणार? त्यांना म्हटलं, भाऊजी, दर पंधरवड्याला गाडी हायवेला घाला आणि वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवा. ते आता त्या निमित्ताने जोतिबाला जातात. ज्यांचं रोजचं फिरणं एवढंच आहे त्यांनी डिझेल घेऊ नये, बस.

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की धुराच्या या नियमात कार्बन डायऑक्साइडला मर्यादाच नाही, आणि कार्बन डायऑक्साइड म्हणजेच जळलेलं पेट्रोल. म्हणून बीएस-६ गाडी जास्त ॲव्हरेज देते हा समज चूक आहे. ती स्वच्छ असते. तिने कमी प्यावं अशी बीएस-६ ची अटच नाही. आणखी एक बोचरी गोष्ट: एप्रिल २०२३ पासून धूर रस्त्यावर मोजणं सक्तीचं झालं. पुण्याच्या आसपास कधी नक्षीदार आवरण लावलेली गाडी दिसली, मागे पेटी लटकलेली आणि सायलेन्सरला जाड नळी जोडलेली, तर ती तीच. फोक्सवॅगनची डिझेल गाड्यांमधली लबाडी २०१५ मध्ये अमेरिकेत उघडी पडल्यापासून जगभर याला जोर आला. तिथे गाडीचं सॉफ्टवेअर 'आपण रोलरवर आहोत' हे ओळखून सोवळं पाळायचं. आता खऱ्या रस्त्यावर नायट्रोजनचे ऑक्साइड मर्यादेच्या १.४३ पटींच्या आत लागतात. म्हणजे धूर सरकारने खोलीतून रस्त्यावर आणला. ॲव्हरेज मात्र खोलीतच राहिलं.

पीयूसीचा तर याच्याशी काहीच संबंध नाही. पेट्रोल गाडीला तिथे गाडी उभी ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, नायट्रोजनचे ऑक्साइड कुणी बघत नाही.

दुसरा नियम इंधनाचा: कॅफे, म्हणजे 'कॉर्पोरेट ॲव्हरेज फ्युएल इकॉनॉमी', कंपनीचं ॲव्हरेज. तो ऊर्जा खात्याचा, ऊर्जा दक्षता ब्युरोने आखलेला. अमेरिकेने १९७५ मध्ये तेलाच्या टंचाईनंतर ही कल्पना काढली, आपल्याकडे २०१७-१८ पासून लागू झाली. यात एक गाडी पास-नापास होत नाही. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या कारची सरासरी काढतात. पहिल्या टप्प्यात ती किलोमीटरला १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या आसपास हवी होती, २०२२-२३ पासून ११३. पेट्रोलच्या भाषेत ११३ ग्रॅम म्हणजे शंभर किलोमीटरला ४.७७ लिटर, लिटरला २१ किलोमीटर.

पण ११३ सगळ्यांना सारखं नाही. सूत्र वजनावर चालतं. सरासरी ११४५ किलो वजनाला ४.७७ लिटर, आणि वजन शंभर किलोंनी वाढलं की ०.२ लिटरची सूट. ज्या कंपनीच्या गाड्या सरासरी ९०० किलोंच्या, तिला लिटरला जवळजवळ २३.४ किलोमीटर गाठायचे. जिच्या १५०० किलोंच्या, तिला १८.२ पुरे. जड गाडीला सूट आणि हलक्या गाडीला छडी, हे मला पहिल्यापासून खटकत आलंय. २०२७ पासूनच्या तिसऱ्या टप्प्याच्या सप्टेंबर २०२५ मधल्या मसुद्यात ९०९ किलोंपर्यंतच्या छोट्या पेट्रोल गाड्यांना थोडी सवलत सुचवली गेली आणि कंपन्यांमध्ये लगेच जुंपली. भांडण कशाचं होतं ते आता तुमच्या लक्षात येईल.

याहून मोठी गंमत इलेक्ट्रिकची. एक इलेक्ट्रिक गाडी विकली की हिशेबात ती तीन धरतात आणि तिचा कार्बन शून्य. स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत विजेच्या मोटरवरही चालणारी गाडी, दोन धरतात. समजा एका कंपनीने १०० गाड्या विकल्या: ९५ पेट्रोल, सरासरी १२५ ग्रॅमच्या, आणि ५ इलेक्ट्रिक. सरळ सरासरी येते ११९, म्हणजे ११३ च्या लक्ष्यापुढे नापास. पण पाचाच्या पंधरा धरल्या की भागाकार १०० ऐवजी ११० ने होतो आणि उत्तर येतं १०८. कंपनी पास! त्या ९५ पेट्रोल गाड्यांनी मात्र थेंबभरही पेट्रोल वाचवलेलं नाही, आणि त्या ९५ पैकी एक तुमच्या दारात उभी आहे. सवलतीमागचा हेतू मला कळतो, नवं तंत्रज्ञान रुजायला खत लागतं. पण ग्राहकाने 'नियम पाळले' याचा अर्थ 'माझ्या गाडीने पाळले' असा घेऊ नये.

दंड आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर लक्ष्य चुकलं तर शंभर किलोमीटरमागे ०.२ लिटरपर्यंतच्या चुकीला विकलेल्या प्रत्येक गाडीमागे २५ हजार, त्यापुढे ५० हजार, शिवाय १० लाखांपर्यंतचा मूळ दंड. हे कंपनी आणि सरकार यांच्यातलं. ग्राहकाच्या खिशात त्यातला रुपया येत नाही.

तुमच्या गाडीत सिग्नलला आपोआप बंद पडणारं इंजिन आहे का? बहुतेक असेल. त्यालाही कॅफेच्या हिशेबात छोटीशी सूट मिळते, टायरमधली हवा दाखवणाऱ्या सेन्सरलाही मिळते. बरेच जण पहिल्याच दिवशी ते स्टार्ट-स्टॉप बटण दाबून बंद करतात. कंपनीची सूट राहते, तुमची बचत जाते.

आता फसवणूक आणि तक्रार. माहितीपत्रकात २० च्या शेजारी बारीक अक्षरात 'प्रमाणित चाचणी परिस्थितीत' असं काहीतरी असतं आणि ते खरंही असतं. त्यामुळे फक्त २० आणि १४ एवढ्यावर ग्राहक आयोगात गेलात तर तुमची बाजू लंगडी पडेल असं माझं मत. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने सरकारला गाड्या परत मागवायला लावण्याचा अधिकार दिला, पण तो सुरक्षेला किंवा पर्यावरणाला घातक दोष असेल तर. कमी ॲव्हरेज त्यात बसत नाही. तुमच्या गाडीत बिघाड आहे हे दाखवता आलं तर गोष्ट वेगळी, आणि ते दाखवायला आधी नीट मोजावं लागेल.

गाडीच्या मीटरमधल्या स्क्रीनवरचं ॲव्हरेज सोडा, ते बहुधा थोडं चढंच असतं. एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, पहिल्या ऑटो-कटला थांबून टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्य करा. टाकी चतुर्थांशावर आली की पुन्हा तिथेच, त्याच पद्धतीने फुल. किलोमीटर भागिले लिटर. असं तीन टाक्यांना. टायरची हवा थंड असताना, दारावरच्या पट्टीप्रमाणे. आणि गाडी चालवून आल्यावर चारी चाकांच्या रिमजवळ हात नेऊन बघा. एकच चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक घासतोय. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी, तेव्हा निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के तिथेच जातात. गावातल्या गावात एसी लावून फिरण्यात आणखी दहाएक टक्के, असा माझा अनुभव.

तीन टाक्यांनंतर गावात १३-१४ आणि हायवेला ८०-९० च्या वेगाने १७-१८ येत असतील तर गाडी ठणठणीत आहे. हायवेलाही १४ च्या वर जात नसेल, तर सर्व्हिस सेंटरमध्ये 'ॲव्हरेज कमी आहे' असं सांगू नका, ते तुम्हाला एआरएआय ऐकवतील. तीन टाक्यांचा कागद पुढे ठेवा आणि थर्मोस्टॅट उघडा अडकलाय का, ऑक्सिजन सेन्सरचं रीडिंग काय आणि ब्रेक मोकळे सुटतात का, हे तीन तपासून जॉब कार्डवर लेखी मागा.